मागच्या चाकाची तार पुन्हा पुन्हा का तुटते: सहा तुटक्या तारांचा हिशोब

आमच्या घरी शेंगा चटणीच्या एका रिकाम्या डब्यात सायकलच्या सहा तुटक्या तारा आहेत. बायको दोनदा भंगारात टाकायला निघाली होती. एक तार तुळजापूरच्या घाटातली, चार व्हिएतनाममधल्या आणि सहावी अक्कलकोट रस्त्यावरची. सगळ्या मागच्या चाकाच्या, सगळ्या साखळीच्या बाजूच्या आणि सगळ्या एकाच जागी तुटलेल्या: चाकाच्या मधोमधल्या हबच्या भोकातून बाहेर पडून तार जिथे वळते तिथे, म्हणजे मानेत.

एवढा सारखेपणा समोर असताना पहिल्या तिन्ही वेळा मी तुटलेली तेवढी तार बदलली आणि पुढे निघालो. तुमच्या चाकाची दुसरी तार तुटली असेल आणि सामान लावून लांब जायचा बेत असेल, त्यातही परदेशात खेड्यापाड्यांतून, तर तिकीट काढायच्या आधी हे वाचा. एक तार तुटली तर ती योगायोगाने तुटली असं म्हणता येईल. दुसरी त्याच बाजूला, त्याच जागी तुटली की तारेला दोष देणं सोडा आणि अख्ख्या चाकाचा ताण तपासा.

सायकल नवीनच होती. ॲल्युमिनियमची, मागच्या चाकाला ३२ तारा. सोलापुरातल्या गड्डा यात्रेची गर्दी ओसरली आणि मी व मावसभावाने सराव सुरू केला. तो माझ्याहून मोठा, त्याला आम्ही सगळे दादाच म्हणतो. दर रविवारी तुळजापूर, जाऊन-येऊन नव्वद किलोमीटर. कॅरियरला दोन पिशव्या आणि वजनासाठी त्यात ज्वारी भरलेली. तिसऱ्या रविवारी घाटात उभं राहून पॅडल मारताना मागून ‘टिंग’ असा आवाज आला. खडा उडाला असेल म्हणून गेलो पुढे. शंभर मीटरवर ब्रेकचा रबर रिमला घासायला लागला.

सोलापुरात परत येऊन दुकानात दिली. दहा मिनिटांत नवी तार पडली, चाकाची आऊट, म्हणजे डगमग, काढून झाली, दुकानदाराने चाक फिरवून दाखवलं. अगदी सरळ फिरत होतं, खोटं कशाला बोलू. पण सरळ फिरणारं चाक सैलही असू शकतं, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. पुढचं सगळं रामायण त्यातून घडलं.

मार्चमध्ये सिद्धेश्वर एक्सप्रेसने सायकलींची खोकी मुंबईला, तिथून विमानाने हनोई. बेत असा: निन्ह बिन्ह, मग हो चि मिन्ह मार्गाने दक्षिणेला फोंग न्या, तिथून लाओसच्या सीमेजवळच्या डोंगरांतून के सान, मग ह्वे आणि हाय वान घाट उतरून होय आन. दादाकडे त्याची जुनी पोलादी सायकल, मागे ३६ तारा, सामान पुढे-मागे विभागलेलं. दादाचं वजन ९१ किलो, माझं ७४. त्याची एकही तार तुटली नाही. हे मी मुद्दाम सांगतोय, कारण तार तुटली की पहिला शेरा येतो, “वजन कमी करा की राव.”

दुसऱ्या दिवशी निन्ह बिन्ह सोडून कुक फुओंगच्या जंगलाकडे निघालो होतो. दोन्ही बाजूंना हिरवागार भात, मधूनच शेतातून उगवल्यासारखे चुनखडीचे उभे कडे, आणि पाऊस म्हणावा की धुकं म्हणावं अशी झिमझिम. बांधावर एक म्हातारी म्हैस चारत बसलेली. अशा जागी ‘टिंग’ ऐकू आलं की पोटात गोळा येतो.

तिकडे ‘सुआ से’ असा फलक दिसला की गाडीदुरुस्ती. ‘रुआ से’ म्हणजे गाडी धुण्याचं दुकान. त्यांच्या लिपीत फरक पहिल्या अक्षराचाच. मी चाक घेऊन आधी धुणाऱ्याकडे गेलो आणि त्या बिचाऱ्याने पाण्याचा पाइप उचललाही. तारेला उत्तरेकडे ‘नान होआ’ म्हणतात, दक्षिणेकडे ‘कम’. बोट दाखवलं की दोन्हीकडे भागतं. खरी अडचण शब्दाची नसतेच. खेड्यातला मेकॅनिक मुख्यतः मोटारसायकलींचा असतो. त्याच्याकडे पान्हे आहेत, हातात कसब आहे, पण आपल्या मापाची तार नाही आणि कॅसेट (मागच्या दातेरी चकत्यांचा संच, तो उजवीकडच्या भोकांच्या आड येतो) खोलायचं हत्यार नाही. मला भेटलेल्याने छिन्नी-हातोड्याने कॅसेटची चकती सोडवली (माझ्याने बघवलं नाही), पत्र्याच्या डब्यातून जवळपासच्या मापाची तार शोधली आणि बसवून दिली. पैसे घेताना लाजत होता. तार चारेक मिलिमीटर लांब होती, हे दोघांच्याही लक्षात आलं नाही.

पुढच्या दोन दिवसांत तीन पंक्चर. टायर आतून बोटाने तीनदा चाचपला; काटा नाही, काच नाही. सोलापूरकराला पंक्चर म्हणजे वेडी बाभूळ एवढंच ठाऊक, त्यामुळे मी टायरमध्येच शोधत बसलो. दादाने ट्यूब हातात घेऊन विचारलं, “भोक कुठल्या बाजूला आहे?” भोक रिमच्या बाजूला होतं. लांब तारेचं टोक निपलमधून (तार रिमला आवळणाऱ्या छोट्या नटातून) वर येऊन रिमटेपला, म्हणजे रिमच्या आतल्या पट्टीला, टोचत होतं. कानस मारून ते सपाट केलं आणि पंक्चर बंद. तेव्हा तार बदलल्यानंतर पंक्चरची रांग लागली, तर टायर सोडा आणि रिमटेपखाली बघा.

तान कीजवळ तिसरी तार गेली, बदललेल्या तारेपासून जवळच. मग फोंग न्या गाठायच्या आदल्या दिवशी एका चढावर दोन तारा एकदम. चाक एवढं डगमगायला लागलं की बांधलेला ब्रेक सोडूनही रिम फ्रेमला घासत होती. एका टेम्पोवाल्याने डोंग होय शहरापर्यंत सोडलं.

तिथल्या सायकलच्या दुकानात तिशीतली एक बाई होती. तिने चाक स्टँडला लावलं, दोन बोटांनी उजवीकडची एक तार छेडली. मग पुढची, मग त्याच्या पुढची. प्रत्येकीचा आवाज वेगळा. एक टणटणीत, एक भरड, एकीला तर आवाजच नाही. तिने माझ्याकडे जे बघितलं ते कळायला भाषा लागली नाही. तुटलेल्या दोन तारा तिने पाच मिनिटांत घातल्या, आणि पुढचा सव्वा तास नुसता ताण भरत बसली. त्यानंतर होय आनपर्यंत, हाय वानचा पाचेकशे मीटरचा चढ धरून, एकही तार तुटली नाही.

मात्र त्या चाकाच्या भरवशावर फोंग न्या ते के सान हा सव्वादोनशे किलोमीटरहून लांब, वस्ती विरळ असलेला डोंगरी टप्पा करायची हिंमत झाली नाही. आम्ही खालून ह्वेला गेलो. ज्या रस्त्यासाठी व्हिएतनाम निवडलं होतं तोच राहिला. हे दुखणं अजून आहे.

आणि गोष्ट इथेही संपली नाही. घरी आल्यावर महिनाभराने, सामान नाही, कॅरियर काढलेला, सकाळी अक्कलकोट रस्त्याने निवांत चाललोय, आणि टिंग.

मग तुटते कशाने

आमच्या गल्लीत एक निवृत्त जॉबर, म्हणजे माग लावणारे-दुरुस्त करणारे कारागीर, राहतात. टॉवेल-चादरीच्या मागांवर त्यांचा जन्म गेला. मी ओट्यावर चाक घेऊन बसलेला बघून थांबले.

“काय करालास बे?”

“तार तुटली काका.”

“परत?”

चाक त्यांनी मांडीवर घेतलं आणि डोंग होयच्या त्या बाईसारखंच अंगठ्याने तारा छेडत गेले. सायकलशी त्यांचा संबंध कामावर जाण्यापुरता, पण ताण त्यांना बोटांनी कळतो. म्हणाले, “बीमवर (ताण्याचे धागे गुंडाळलेल्या रुळावर) धागे कमीजास्त ताणाचे असले की माग दिवसभर थांबतोय. नवं पोरगं असलं की तुटलेल्या धाग्याला गाठ मारतंय, माग चालू करतंय. परत तुटतोय. गाठ मारून काय होणार? ताण बघायला पाहिजे.”

धाग्याचं गणित तारेला जसंच्या तसं लागू होत नाही, पण बोट त्यांनी बरोबर जागी ठेवलं होतं. चाकाच्या सगळ्या तारा ओढून ताणलेल्या असतात. चाक फिरताना जी तार खाली, जमिनीच्या बाजूला येते तिचा ताण क्षणभर उतरतो, वर गेली की परत चढतो. माझ्या टायरच्या मापाला एका किलोमीटरमध्ये चाकाचे साधारण साडेचारशे फेरे होतात. म्हणजे सोलापूर ते तुळजापूर एवढ्या अंतरात प्रत्येक तार वीस हजार वेळा ढिली-घट्ट होते. मुळात ताण भरपूर असला तर ढिली होऊनही ती ताठच राहते आणि तिला काही होत नाही. ताण कमी आणि वर ओझं जास्त असेल तर तार खाली आल्यावर पूर्ण सैल पडते, हबच्या भोकात मान हलते, आणि वर जाताना हिसका बसतो. लोखंडी तार हाताने मागे-पुढे वाकवून तोडतो ना आपण, तेच. फक्त इथे वाकणं डोळ्यांना दिसत नाही आणि त्याला काही लाख फेरे लागतात.

आता साखळीच्या बाजूच्याच का? मागच्या हबवर उजवीकडे कॅसेटला जागा द्यावी लागते, म्हणून उजवीकडच्या तारा जास्त उभ्या बसतात आणि डावीकडच्या तिरक्या. रिम मधोमध राहायची तर उजवीकडे ताण डावीच्या दीड ते दोनपट ठेवावा लागतो. पॅडलचा जोरही पहिल्यांदा त्याच बाजूला येतो. उजवी बाजूच कमी ताणलेली असली तर डावी त्याहून सैल, आणि अख्खं चाक लेचंपेचं.

आणि अक्कलकोट रस्त्यावरची तार रिकाम्या सायकलवर का तुटली? ती आधीच थकलेली होती. व्हिएतनाममध्ये ताण भरल्यावर नवीन झीज थांबली, पण आधीचे लाखभर हिसके त्या मानेत साठले होते. पुढे तुटायच्याच होत्या त्या तारा, फक्त मुहूर्त बाकी होता. माझी सगळ्यात महागडी चूक ही, की ताण नीट झाला म्हणजे काम झालं असं समजलो.

आपल्या चाकाचा दोष ओळखायचा कसा

तुटलेली तार फेकू नका. ती कुठे तुटली यावर निम्मं निदान होतं. मानेत तुटली असेल तर वर सांगितलेलं कारण. निपलपाशी, आट्यांत तुटली असेल तर तार आखूड पडलीय, किंवा निपल गंजून अडकलाय आणि आऊट काढताना तार पिळली गेलीय, किंवा तार रिममध्ये वाकडी शिरतेय. या दोन्हींच्या मध्ये कुठे तुटली तर बाहेरून मार बसलाय.

हा बाहेरचा मार बहुतेक वेळा साखळीचा असतो. साखळी सगळ्यात मोठ्या दातेरी चकतीवरून आत, तारांच्या बाजूला पडली की बाहेरच्या तारांवर मानेपासून थोडं पुढे चरे पाडते. नखाने चाचपलं तर लागतात. असा चरा असलेली तार बदलायचीच. डिरेलरच्या (मागचा गियर बदलणाऱ्या यंत्रणेच्या) ‘एल’ स्क्रूची, म्हणजे साखळीला आत जाण्यापासून रोखणाऱ्या स्क्रूची, मर्यादा तपासा, आणि विमानातून सायकल काढल्यावर डिरेलर जिथे लटकतो तो हँगर वाकलाय का तेही मागून डोळ्यांच्या रेषेत बघा. आत वाकला असेल तर हलक्या गियरला डिरेलर थेट तारांत जाऊ शकतो.

इथे एक गंमत सांगतो. आपण डावीकडून चालवतो, थांबलो की सायकल डाव्या अंगाने भिंतीला टेकवतो. डिरेलर बाहेरच्या बाजूला, सुरक्षित. व्हिएतनाममध्ये वाहतूक उजवीकडून. रस्त्याकडेच्या कठड्याला सहज टेकवली की डिरेलरच्या अंगानेच टेकते. माझा हँगर असाच दोनदा किंचित वाकला. सवय अशी दगा देते. उजवीकडून चालणाऱ्या देशात जाणार असाल तर सायकल फिरवून टेकवायची आठवण हँडलला चिकटवून ठेवा.

आता ताण. मोजायचं यंत्र मिळतं, पण पहिली तपासणी कानाने होते. सायकल उलटी करा, टायरमध्ये हवा नेहमीएवढी ठेवा, आणि फक्त उजवीकडच्या तारा एकामागून एक नखाने छेडा. डावीकडच्यांचा सूर खालचाच लागणार, त्यांची उजवीकडच्यांशी तुलना करू नका. एकाच बाजूच्या सगळ्या तारा जवळपास एका सुरात हव्यात. सुरांची वर-खाली मोठी असेल, किंवा एखादी नुसती ‘थड’ वाजत असेल, तर चाक सरळ फिरत असलं तरी ते सामान लावायच्या लायकीचं नाही. मग शेजारशेजारच्या दोन-दोन तारा मुठीत धरून दाबा. दादाच्या चाकाच्या तारा दाबताना बोटं दुखतात. माझ्या नव्या सायकलच्या खुशाल वाकत होत्या, आणि मला ते मऊ चाक आरामदायी वाटायचं!

नव्या सायकलची चाकं बहुतेक यंत्रावर बांधलेली असतात. सरळ असतात, पण ताण बऱ्याचदा कमी असतो. रोज ऑफिसला जायला ते चालून जातं, म्हणून तक्रार येत नाही. तेच चाक वीस किलो सामानासकट घाटात नेलं की बिंग फुटतं.

ओझ्याचाही हिशोब करा. मार्केट यार्डातल्या ओळखीच्या भुसार दुकानात काट्यावर मागचं चाक ठेवलं, पुढच्या चाकाखाली तेवढ्याच उंचीची फळी, आणि पूर्ण सामानासह सायकलवर बसलो. हमाल हसत होते. एकूण १०९ किलोपैकी ७३ किलो एकट्या मागच्या चाकावर. २१ किलो सामान सगळंच्या सगळं मागे लादलं होतं ना. त्यात चार किलो तर कडक भाकरी आणि शेंगा चटणी. मी शाकाहारी, तिकडे उपाशी मरेन या भीतीने बांधून नेलेली. प्रत्यक्षात ‘कोम चाय’ लिहिलेल्या ठिकाणी भात, टोफू आणि भाज्या व्यवस्थित मिळतात. तेव्हा चार किलो भाकऱ्यांपायी किती तारा गेल्या ते आता कोण सांगणार.

रस्त्यात तुटली तर

आधी थांबा. तुटलेली तार काढून टाका. निघत नसेल तर शेजारच्या तारेला गुंडाळून चिकटपट्टी मारा, नाहीतर ती डिरेलरमध्ये अडकून मोठं नुकसान करेल. उजवीकडची तार तुटली की रिम डावीकडे ओढली जाते. तिला परत आणायला तुटलेल्या तारेच्या दोन्ही शेजारच्या तारा, ज्या डाव्या बाजूच्या असतात, अर्धा-अर्धा फेरा ढिल्या करा. जास्त वाटलं तर आणखी पाव. घट्ट करत सुटू नका.

निपल फिरवताना हमखास गोंधळ होतो. टायरच्या बाजूने निपलच्या डोक्याकडे बघितलं तर घड्याळाच्या दिशेने फिरवल्यावर घट्ट होतो. पण आपण बघतो हबच्या बाजूने, म्हणून खाली असलेल्या निपलकडे वरून बघताना घड्याळाच्या उलट फिरवलं की घट्ट. मी पहिल्या वेळी उलटं केलं आणि बिघडलेलं चाक आणखी बिघडवलं.

रिम तरी घासत असेल तर त्या चाकाचा ब्रेक मोकळा सोडा आणि उतारावर पुढच्या ब्रेकवर सांभाळून या. डिस्क ब्रेक असेल तर हा प्रश्न येत नाही. मागच्या पिशव्यांतलं जड सामान सोबत्याला द्या, भांडण झालं तरी चालेल.

कॅसेट न खोलता तार बसवायची एक युक्ती आहे, ती घरी बसून शिका. लागणाऱ्या मापापेक्षा सेंटिमीटरभर लांब तार घ्या, तिचं डोकं कापा आणि ते टोक पक्कडीने इंग्रजी झेडसारखं वाकवा. ते हबच्या भोकात नुसतं अडकवता येतं. दुसरं टोक जुन्या निपलमध्ये फिरवून ताण द्यायचा. कायमची सोय नव्हे, पण पुढच्या शहरापर्यंत नेते. अशा दोन तारा घरूनच वाकवून न्या. दोरीची तात्पुरती तारही बाजारात मिळते, तीसुद्धा कॅसेट न काढता बसते. आणि कॅसेट खोलायचं छोटं हत्यार सोबत ठेवलं तर छिन्नी-हातोड्याचा प्रसंग येत नाही. ते अंगठ्याएवढंच असतं, वजन म्हणाल तर एका कडक भाकरीइतकंही नाही.

कायमचा उपाय

एकाच बाजूच्या दोनपेक्षा जास्त तारा मानेत तुटल्या असतील तर त्या बाजूच्या सगळ्या तारा बदला. जमलं तर पूर्ण चाकच नव्या तारांनी बांधून घ्या. हब आणि रिम चांगली असेल तर तीच चालते. मी तेच केलं, आणि तारांचे नि मजुरीचे मिळून पैसे विमानात सायकलच्या खोक्याला भरलेल्या रकमेपेक्षा कमी झाले.

तारा घेतल्या त्या दोन्ही टोकांना २ मिलिमीटर आणि मध्ये १.८ मिलिमीटर जाडीच्या. माझं चाक बांधणारे मिस्त्री साठीच्या पुढचे, दूधवाल्यांच्या आणि सिलिंडरवाल्यांच्या सायकली बांधत आलेले. त्यांनी तार हातात घेऊन परत दिली. “मध्ये बारीक तार घालून काय करालास? जाड घे की.” त्यांचंही बरोबर. काळ्या रोडस्टर सायकलच्या मागच्या चाकाला ४० जाड तारा असतात, कॅन लटकवून जन्मभर चालते ती. पण इथे गंमत अशी की मध्ये बारीक असलेली तार तिथे किंचित ताणली जाते, आणि हिसका मानेपर्यंत कमी पोचतो. सरळ जाड तारेत सगळा हिसका मानेवरच येतो. त्यांना हे पटलं नाही, पण गिऱ्हाईक म्हणतंय म्हणून बांधलं, आणि बांधलं मात्र असं की बोलायची सोय नाही.

त्यांच्याकडून तीन गोष्टी बघून घेतल्या. तारेच्या आट्यांना जवसाच्या तेलाचा थेंब: फिरवताना निपल सहज फिरतो, आणि तेल सुकलं की धरून ठेवतो. रंगाच्या दुकानात मिळतं ते तेल. चटणीतला जवस चालणार नाही. दुसरं, ताण एकदम न भरता सगळीकडून पाव-पाव फेऱ्याने चढवत नेणं. तिसरं, ताण भरून झाल्यावर समांतर जाणाऱ्या दोन-दोन तारा हातमोजे घालून मुठीत जोरात आवळायच्या. चाकभर. त्याने वाकणाच्या जागेत अडकून राहिलेला ताण मोकळा होतो आणि मान हबला घट्ट बसते. हे बहुतेक दुकानांत कोणी करत नाही. दोन मिनिटांचं काम आहे, समोर उभं राहून करून घ्या. पुढे मी ताण यंत्रावर मोजून घेतला: उजवीकडे ११० किलोच्या आसपास, डावीकडे ६५. तुमच्या रिमची कमाल मर्यादा किती ते तिच्या माहितीपत्रकात बघा आणि त्याच्या आत राहा. अति ताणाने रिमच फाटते.

नव्याने बांधलेलं चाक पहिल्या किलोमीटरभर ‘पिंग पिंग’ करतं. पिळलेल्या तारा मोकळ्या होत असतात, घाबरू नका. दोनेकशे किलोमीटरनंतर पुन्हा एकदा छेडून ताण बघा. मी त्यासाठी पंढरपूर जाऊन-येऊन केलं आणि मग नळदुर्ग. तीन निपलांना पाव फेरा लागला, बस.

नवी सायकल घेणारे विचारतील, ३२ की ३६? सामान लावून फिरायचं असेल तर मागे ३६ घ्या, दुसरा विचार करू नका. ३२ आधीच असेल तर फेकायची गरज नाही, ताण बरोबर ठेवा आणि ओझं वाटून घ्या. मी पुढे छोटा कॅरियर बसवला, सामान २१ वरून १६ किलोवर आणलं, त्यातलं ७ पुढे. टायर २८ वरून ३८ मिलिमीटरचा केला, हवा थोडी कमी ठेवली. खड्ड्याचा दणका आता रबर खातं. त्याच भुसार दुकानाच्या काट्यावर मागचं चाक ६० किलो भरलं. हमालांनी या वेळी चहा पाजला.

तेव्हापासून सव्वीसशे किलोमीटर झाले, तुळजापूरचा घाट पंधरा-वीस वेळा, दर वेळी पिशव्यांत तीच ज्वारी. डब्यात सातवी तार पडलेली नाही. राहिलेला फोंग न्या ते के सान टप्पा पुढच्या मार्चमध्ये करायचं ठरतंय, दादा या वेळी माझं सामान घेणार नाही म्हणतो.

सुट्या तारा मात्र घेऊनच जाणार. दोन्ही बाजूंचं माप वेगळं असतं, म्हणून दोन्हीकडच्या चार-चार: माझ्या चाकाला उजवीकडे २९२, डावीकडे २९४ मिलिमीटर. तुमचं माप मानेच्या आतल्या बाजूपासून आट्यांच्या टोकापर्यंत मोजा आणि कागदावर लिहून तारांसोबत ठेवा. माझ्या सीटपोस्टच्या नळीत आहेत. आत खडखडू नयेत म्हणून टॉवेलच्या तुकड्यात गुंडाळल्यात. तुकडा जॉबर काकांनीच दिला, कडेचा, विणताना ताण चुकलेला.